दहाचा फाऊल, पाचाच्या नावावर

सकाळी सहाला आमच्या घरात दोन आवाज एकदम सुरू होतात. एक नळाचा, तो दिवसाआड. दुसरा माझा, तो रोज.

त्या वेळेला टीव्हीवर अमेरिकेतला पैशाचा बास्केटबॉल लागतो. तिकडची रात्र, इकडची सकाळ. मी लुंगीवर, मांडीवर चहाची बशी. ज्याच्या नावाचे नकली बूट आमच्या नांदेडच्या फुटपाथवरसुद्धा मिळतात असा एखादा बडा खेळाडू चेंडू पोटाशी धरून निघतो, आणि मी मोजायला लागतो, चेंडू न आपटता दोनच पावलांची मुभा असते ना! "एक, दोन, तीन... अरे चार! चार पावलं चालला तो! वाजव की रे, फुप्फुसं गहाण टाकलीस का?" पंच काही वाजवत नाही. शिट्टी तोंडात धरून तो त्या खेळाडूकडं असा बघत राहतो, जसा मांडवात सासरा जावयाकडं बघतो. आणि पुढच्याच मिनिटाला कुणी नवखा, हाडकुळा खेळाडू त्या बड्याला नुसता घासून गेला की लगेच फुर्र! जावयाला वारासुद्धा लागता कामा नये.

"त्याला ऐकू जातंय का तिकडं?" स्वयंपाकघरातून बायको विचारते.

"जाईल एक दिवस."

"आन तुम्ही? तुम्ही तरी सगळ्या शिट्ट्या बरोबर मारल्या का जन्मात?"

ती हे गंमतीनं म्हणते. चहा गाळता गाळता. मी बशी खाली ठेवतो.

परवा एकानं मला सांगितलं, तिकडं म्हणे सामन्याच्या दुसऱ्या दिवशी एक कागद काढतात. शेवटच्या काही क्षणांत आमची शिट्टी कुठं चुकली, कुठं वाजायला हवी होती आणि वाजली नाही, सगळं लिहून मोकळे. निकाल मात्र बदलत नाही. हरलेला हरलेलाच. वर कागद मिळतो. मला ही पद्धत बेहद्द आवडली. पाप करायचं, त्याची स्वच्छ नक्कल काढायची आणि ज्याच्यावर केलं त्यालाच वाचायला द्यायची! तर मंडळी, हा माझा कागद. उशीर झालाय, चांगली पंचवीस-तीस वर्षं झाली. पण आपल्याकडं सगळंच उशिरा येतं.

मी तेव्हा नांदेडच्या एका शाळेत तासिकेवर क्रीडाशिक्षक होतो. तासिकेवर म्हणजे शाळेची घंटा वाजली तर मास्तर, नाही वाजली तर बेकार. सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलची पंचगिरी करायचो. ती मला शिकवली उस्तादांनी. उस्ताद म्हणजे जुन्या नांदेडातले शिंपी. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या अंमलदारांच्या शेरवान्या शिवल्या होत्या. यांच्या वाट्याला जिल्हाभरच्या शाळांच्या बनियनवर आकडे शिवणं आलं. आणि आकडे शिवता शिवता हा माणूस खेळाच्या नादी लागला. नियमांचं इंग्रजी पुस्तक त्यांच्याकडं होतं, खाकी कव्हर घातलेलं. इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण त्यातली पंचांच्या हातवाऱ्यांची चित्रं तोंडपाठ होती. मशीनवर बसल्या बसल्या सुई थांबवून मला विचारायचे, "धक्का? दिखाओ." मी दोन्ही हात पुढं ढकलायचो. "हात पकड्या?" मी एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरायचो. "नंबर सात?" मी एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं वर करायचो. गल्लीतली पोरं जमायची. त्यांना वाटायचं मास्तरला वारं भरलंय.

हे नंबरचं नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट बोटांवरच आहे. त्या काळी खेळाडूंचे आकडे चारपासून पंधरापर्यंतच असायचे. एक, दोन, तीन ही बोटं गुणांसाठी राखलेली. फाऊल झाला की पंचानं शिट्टी वाजवायची, टेबलासमोर जायचं आणि ज्यानं फाऊल केला त्याचा नंबर बोटांनी दाखवायचा. टेबलावरचा लेखनिक बोटं बघून तक्त्यात फुली मारतो. खेळाकडं त्यानं बघायचं नसतं, बोटांकडं बघायचं. एकाचे पाच फाऊल झाले की तो बाहेर. मग तो देवाचा अवतार असला तरी बाकावर. पाच नंबर दाखवायला एक पंजा. दहा नंबर दाखवायला दोन पंजे. मधे फक्त एका हाताचं अंतर.

भूकंपाला तेव्हा दोनेक वर्षं होऊन गेली होती. लातूरकडं सगळीकडं पत्र्याच्या वसाहती उभ्या होत्या. आणि त्याच लातुरात, त्याच वर्षांत, क्लासची लाट आली. एकीकडं पडलेल्या गावांचे दगड उचलणं चाललेलं, दुसरीकडं गल्लीगल्लीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे फलक चढत होते. पत्र्यांनाही मागणी आणि मार्कांनाही. एका सरांच्या क्लासचा तर चौकात हा मोठा फलक होता आणि त्यावर एका मुलीचं चित्र. उंच, एका हातात पुस्तक, दुसऱ्या बोटावर बास्केटबॉल फिरतोय. खाली लिहिलं होतं, 'अभ्यासही, खेळही'. ती मुलगी म्हणजे आमची दहा नंबर. नाव कशाला हवं? लातूरला रिक्षावालासुद्धा तिला फलकावरची म्हणायचा.

त्या वर्षी विभागाच्या मुलींच्या संघाची निवड लातूरला होती. एकच सामना, त्यावरून निवड समिती बारा मुली काढणार, त्या राज्याला जाणार. उस्ताद आणि मी असे दोघे पंच, नांदेडहून एसटीनं निघालो. लोह्याला गाडी थांबली. कढईतली भजी कागदावर घेऊन आम्ही गाडीच्या सावलीत उभे राहिलो.

मी सहज म्हणालो, "उस्ताद, फलकावरची खेळणार आज. गर्दी तिच्यासाठीच येणार. अशा खेळाडूला थोडं सांभाळून घ्यावं का?"

उस्तादांनी भजं तोंडाजवळ नेलं होतं, ते खाली घेतलं. "मास्तर, मैं माप लेता तो देखता क्या, कौन खडा है? कलेक्टर का पेट है तो पेट लिखता मैं. चालीस को छत्तीस लिख्या तो बटन टूटेंगा. मेरा नै, उसका. भरी मजलिस में."

"हाव, पण..."

"पण-बिण कुछ नै. जो दिख्या वो फूँको. जो नै दिख्या वो अल्ला पे छोडो." मग भजं खाल्लं आणि तेलकट बोट वर केलं. "और एक बात. साथी की सीटी पे सीटी नै. मैं गलत बजाया तो तुम चुप. तुम बजाये तो मैं चुप. दो पंच मैदान में झगडे, तो फिर कोई पंच नै रहता."

मी मान डोलावली. दोन्ही नियम मला थोर वाटले. दोन्ही एकाच दिवशी एकमेकांच्या उरावर बसतील हे भज्यात कुठं लिहिलं होतं?

मैदान सिमेंटचं. भूकंपानंतर कित्येक महिने तिथं मदतीचे पत्रे रचून ठेवले होते, त्यांचे गंजाचे पट्टे अजून जमिनीवर होते. आणि एक भेग, केसाएवढी, एका रिंगपासून थेट मधल्या वर्तुळापर्यंत गेलेली. चेंडू तिच्यावर आपटला की हमखास तिरका जायचा. लातूरच्या मुलींना ती भेग पाठ होती, बाकीच्यांना ती भूत वाटायची.

सकाळी मी मुलींचे फॉर्म तपासायला बसलो. रांगेत एक बुटकी, काळीसावळी, दोन वेण्यांची मुलगी समोर आली. बनियनवर पाच नंबर. फॉर्मवरचं गाव वाचून मी वर बघितलं. निलंग्याकडचं, पडलेल्या गावांतलं एक.

"बास्केटबॉल कुठं शिकलीस गं?"

"पत्र्यात, सर."

"पत्र्यात?"

"मदतीचा ट्रक आलता. आमाला पातेली पायजे हुती. उघडून बघितलं तर चेंडू." मागच्या मुली फिदीफिदी हसल्या. ती पण हसली. "तीन चेंडू आन एक रिंग. मग दादानं रिंग लाइटीच्या खांबाला बांधली. वैनी म्हणली, आता ह्यातच शिजवा."

म्हणजे बघा, हिनं रिंगमागची फळी कधी बघितलीच नव्हती. खांबाला नुसती रिंग. त्यामुळं ती चेंडू फळीवर मारतच नसे, सरळ रिंगच्या पोटात सोडायची. पुढं खेळताना मी बघितलं, चेंडू जाळीतून जायचा तर नुसता 'सट्' आवाज यायचा. इतका स्वच्छ आवाज मी पुन्हा फारसा ऐकला नाही. टीव्हीवरसुद्धा.

फॉर्मवर सही करून दिली तरी ती हलेना.

"सर, राज्याला गेलं की बारावीला पंचवीस मार्क पक्के ना?"

"पक्के."

"आन ते डी.एड.ला धरतेत?"

"धरतात की. मास्तरीण व्हायचंय का?"

"हायेच मी." ती म्हणाली. "शाळा पडली तवापासून पत्र्यात बारकी पोरं मीच घेते. बेचे पाढे. दुपारी पत्रा तापतो, पोरं घामानं पाटीवरलं पुसतेत." मग आवाज बारीक करून, "कॉलेजचे सर म्हणाले, तुजं गणित पंचवीसावर हाय. असले तर लागतंय, नसले तर न्हाई."

इतकं सरळ गणित मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

सामन्याच्या आधी सगळ्या मुली जमिनीला हात लावून कपाळाला लावतात. पाच नंबरनं हात लावला आणि तसाच ठेवला. पंजा पसरून, सिमेंटवर. मी शिट्टी हातात घेऊन ताटकळलो. "झालं का पाया पडून?"

"पाया न्हाई पडत सर. हालतंय का बघायले."

"काय?"

"जमीन." मग उठली. "न्हाई हालत. करा चालू."

पाच आणि दहा एकाच संघात होत्या. पहिला अर्धा डाव म्हणजे काय सांगू तुम्हाला! दहा नंबर खरोखरच उत्तम खेळायची, हे आधीच कबूल करतो. फलकावर उगाच नव्हती. उडायची तेव्हा वेळ तिच्यासाठी जरा थांबायचा. पण आडदांड होती. खांदा घालून घुसायची, कारण आजवर तिचा खांदा कुणी मोजलाच नव्हता. उस्तादांनी मोजला. फुर्र, दहा, एक. फुर्र, दहा, दोन. फुर्र, दहा, तीन. प्रत्येक वेळी दोन्ही पंजे कसे टेबलासमोर ताठ, पुस्तकातल्या चित्रासारखे. गर्दीतून ओरडा, "ओ चाचा, चष्मा बदला!" "नांदेडला पाठवा त्यांना, पार्सल!" उस्ताद ढिम्म. पाच नंबरलाही त्यांनी सोडलं नाही. ती सगळ्यांच्या हातातून चेंडू काढायला जायची, मनगटावर फटके बसायचे. तिचेही तीन झाले. पण गुण? निम्मे तिचे एकटीचे. सट्, सट्, सट्.

आणि हे सगळं बघायला निवड समिती होती कुठं? जेवायला! क्लासच्या सरांच्या घरी. तिघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग पंगत. समिती सामना बघायला आली होती, पण आधी पुरणपोळी आडवी आली.

मध्यंतरात सर स्वतः आले. पांढरा सफारी, पावडरीचा वास, हातात अजून पाण्याचा ओलावा. उस्ताद नळावर तोंड धूत होते. सर माझ्याजवळ आले.

"काय पंच, आमच्या पोरीला तीन दिले म्हणे चाचांनी?"

"केले होते तिनं, सर."

"केले असतील. केले नाहीत कुठं म्हणतो मी? पण समितीचा मठ्ठा चाललाय, आता येतीलच. ते येणार आणि पोरगी बाकावर दिसणार. मग काय माझं तोंड बघतील? आणि ही एवढी गर्दी? ती काय तुमची शिट्टी ऐकायला आली का?"

"नियम आहे ना, सर..."

"नियम मला सांगता? अख्ख्या जिल्ह्याकडून नियम पाठ करून घेतो मी." ते हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ओला होता. "जूनपासून आमच्या संस्थेच्या कॉलेजात क्रीडाशिक्षकाची जागा आहे. पूर्ण पगारी. नांदेडहून रोज यायचं का इथंच खोली करायची, बघून ठेवा." आणि गेले.

त्यांनी मला काहीच करायला सांगितलं नाही, हे कागदावर आलं पाहिजे. कुणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. मी त्या वयात फार बाणेदार होतो.

दुसरा अर्धा डाव सुरू झाला आणि दोन मिनिटांत दोघींचे चार-चार झाले. उस्तादांनीच दिले, दोन्ही खरे. आता दहा एका फाऊलवर लटकलेली, पाच एका फाऊलवर लटकलेली. गर्दी बसायच्या फळ्यांवर पाय आपटायला लागली. तो आवाज झाला की पाच नंबर खेळता खेळता क्षणभर पायाखाली बघायची.

मग तो चेंडू आला. समोरच्या संघातली एक मुलगी माझ्या बाजूनं रिंगकडं निघाली. चेंडू भेगेवर पडून तिरका उडाला, ती वाकली, आणि दहा नंबर तिच्या अंगावर आली. खांदा घालून. मुलगी सिमेंटवर घसरत गेली, कोपर सोलून. पाच नंबर तिथून चांगली दोन हातांवर उभी होती, दोन्ही हात वर करून, शिकवल्यासारखी. माझ्या नाकासमोर घडलं. उस्ताद पार पलीकडं होते.

शिट्टी माझी मीच वाजवली. ती मारायचीच असं ठरवलेलं नसतं, ती वाजते. तिथपर्यंत मी उस्तादांचा शागीर्द होतो.

त्या काळी अजून एक रीत होती. ज्यानं फाऊल केला त्यानं आपणहून हात वर करायचा. शिट्टी वाजली आणि दहा नंबरनं हात वर केला. सवयीनं, सरळ, कबुलीचा. चेहरा पडलेला. तिला कळलं होतं, पाच झाले, आपण बाहेर. फळ्यांवरचे पाय थांबले.

मी टेबलाकडं चालत गेलो. दहाबारा पावलं असतील. मी ती आजही मोजू शकतो, चालणं मोजायची मला सवयच आहे. टेबलासमोर उभा राहिलो. उजवा पंजा वर केला. डावा हात खिशात होता. घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून गेलेला. तो रुमालाला धरून तिथंच राहिला.

लेखनिकानं पंजा बघितला. एक पंजा, पाच नंबर. फुली. टेबलावरची लाल पाटी वर गेली, पाचव्या फाऊलची. पाच नंबर, पाच फाऊल, बाहेर.

असं टाळ्यांचं वादळ झालं म्हणता! फळ्या दणाणल्या. मला वाटतं त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या मलाच पडल्या. मी नाटकात काम केलंय, गणपतीत भाषणं केलीत, पण एक हात वर करून एवढ्या टाळ्या पुन्हा मिळाल्या नाहीत.

दहा नंबरचा हात अजून वरच होता. तो हळूहळू खाली आला. ती माझ्याजवळ आली. "सर, तो माझा होता."

"जागेवर जा," मी म्हणालो.

"सर, खरंच माझा..."

"जागेवर जा."

ती गेली. सोळा-सतरा वर्षांची पोर, जाणार नाही तर काय करणार?

पाच नंबर मैदानाबाहेर गेली. बाकावर जाऊन बसली आणि पंजा बाकाच्या फळीवर पसरून ठेवला. मी वळलो तर पलीकडच्या टोकाला उस्ताद उभे. त्यांनी बघितलं होतं. दहा नंबरचा वर गेलेला हात सगळ्या मैदानानं बघितला होता. उस्तादांची शिट्टी ओठांपर्यंत आली. मी बघत होतो. त्यांनी ती वाजवली असती, टेबलापाशी येऊन दुसरा पंजा दाखवला असता, तर नियमानं दुरुस्त होत होतं. साथी की सीटी पे सीटी नै. त्यांनी शिट्टी खाली सोडली. माझ्या पापाला त्यांच्या इमानानं कुलूप लावलं.

दोन मिनिटांनी समिती आली. मिशांना मठ्ठा, गळ्यात अजून हार. खुर्च्यांवर बसले, ढेकर दिले आणि पुढचा सगळा वेळ दहा नंबर बघितली. बघण्यासारखीच होती. सामना संपल्यावर एकानं तक्ता मागवला. मी शेजारीच उभा होतो.

"ही पाच नंबर कोण? गुण तर बरेच दिसतात."

"बाहेर बसलीय बघा, ती बुटकी."

"पाच फाऊल? एवढ्या लवकर? धसमुसळी दिसते."

"धसमुसळीच," दुसरा म्हणाला, आणि पेन पुढं गेलं. बारा नावं झाली. तिचं नव्हतं.

तक्त्यावर दोन्ही पंचांच्या सह्या लागतात. मी केली. उस्तादांनी बराच वेळ तो कागद धरला, जसं खराब शिवलेलं कापड उजेडात धरतात. मग उर्दूत सही केली, खाली ठेवला.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. अहमदपूर गेलं, लोहा आलं, भजी झाली नाहीत. लोह्याच्या पुढं एकदाच बोलले. "मास्तर, दूसरा हात किधर गया था?"

मी म्हणालो, "रुमाल..."

"हौ," ते म्हणाले. "रुमाल."

पुन्हा आम्ही एकत्र पंचगिरी केली नाही. भांडण नाही, अबोला नाही, रस्त्यात भेटले तर सलाम. फक्त बोलावणं आलं की विचारायचे, दुसरा कोण, आणि माझं नाव आलं की त्यांना ताप यायचा. त्याआधी मी त्यांच्याकडं पंचाची पांढरी पँट शिवायला टाकली होती. महिन्याभरानं शागीर्दाच्या हाती आली. इस्त्री केलेली, माप चोख, शिलाई सुंदर. घालून बघितली तर डाव्या बाजूला खिसाच नव्हता. मी हात घालतोय, घालतोय, हात नुसता कापडावरून घसरतोय. बायको म्हणाली, विसरले असतील म्हातारपणी. उस्ताद माप विसरत नसत. ते गेले तेव्हा मी तीच पँट घालून मातीला गेलो. कुणाला कळलं नाही, पण एक हात सारखा लटकत राहिला.

आणि ती जागा? निघाली ना! जूनमध्ये निघाली. सरांच्या मेहुण्याला लागली. तो कॅरम खेळायचा.

दहा नंबर राज्याला गेली, पुढं डॉक्टर झाली, चांगली डॉक्टर झाली असं ऐकतो. तिच्यानंतर त्या चौकात किती फलक चढले आणि उतरले याची गणती नाही. क्लासच्या गल्ल्या वाढत वाढत आख्खं गाव झालं.

गेल्या वर्षी त्याच गल्ल्यांत मी माझ्या धाकट्या मुलीला घेऊन गेलो. हो, मीसुद्धा. बारावी, डॉक्टरकी, सगळं तेच. क्लासवाल्यांनी आधी परीक्षा घेतली आणि पोरांच्या वाटण्या केल्या. हुशार पोरांची खास बॅच, वेगळे सर, गार हवेची खोली. बाकीच्यांची साधी. माझी मुलगी साध्या बॅचला लागली. जेवणासाठी मागच्या गल्लीतली एक खाणावळ सांगितली, बाईंच्या हाताला चव आहे म्हणाले.

आत पंधरा-वीस पोरं पंगतीला, आणि चुलीशी एक बुटकी बाई. आम्ही बसलो. ती वाढायला आली आणि थांबली.

"तुमी नांदेडचे पंच ना?"

मी तिच्याकडं बघितलं. वेण्या नव्हत्या, केस पांढरे झाले होते.

"ओळखलंस?"

"वळखणार न्हाई व्हय? आवो, माज्या आयुष्यातला शेवटचा सामना तुमीच तर खेळवला." आणि हसली, अगदी पातेल्या-चेंडूवर हसली होती तशी.

डी.एड.चं विचारायला नको होतं, पण मी विचारलं. "थोडक्यात गेलं," ती म्हणाली. "लई थोडक्यात. मग लगीन, मग हितं." पत्र्यातल्या पोरांचं विचारलं, तर म्हणाली, तीही कुठं कुठं गेली.

मुलगी हात धुवायला गेली होती. मला वाटलं आता बोलावं. एवढ्या वर्षांचं पाठांतर होतं माझं, आवाजाच्या चढउतारासकट. पण तोंडातून आलं ते एवढंच, "तो फाऊल तुझा नव्हता."

"हाव," ती म्हणाली, जसं मी आज मंगळवार आहे असं सांगितलं. "म्हाईत हाय की. मी समोरच हुते. तिनं हात बी वर केलता."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू, सर? शिट्टी तर तुमच्याच तोंडात." तिनं पदरानं हात पुसले. "आन मला वाटलं, असंच असतंय. त्याच वर्साला आमच्या गावाच्या नव्या घरांची यादी लागली. आमचं मोठं घर दुसऱ्याच्या नावावर, त्याची एक खोली आमच्या नावावर. दादा भांडाया गेला तर सायेब म्हणला, यादीत एकदा आलं की आलं. तुमचं बी तसंच. बोटं एकदा दावली की दावली."

माझी सगळी तयारी फुकट गेली. मी एवढा मोठा गुन्हा पोटात घेऊन फिरत होतो आणि तिच्या हिशेबी तो रिवाज होता. दोन याद्यांमधली एक यादी. तिनं मला माफ केलं नाही, कारण माफ करण्यासारखं काही घडलंय असं तिला कुणी कधी भासूच दिलं नव्हतं.

ती तव्याकडं वळली. पोळी टम्म फुगली होती. ती तिनं उलथन्यावर घेतली आणि पंगतीतल्या पोरांच्या डोक्यांवरून, एक, दोन, तीन, चार, पाच पावलं चालत, कोपऱ्यातल्या चष्म्याच्या पोराच्या ताटात नेऊन टाकली. वर तूप. पुन्हा तवा, पुन्हा तोच कोपरा. बाकीच्यांच्या ताटात डब्यातल्या पोळ्या होत्या.

"त्यालाच का गरम?" मी विचारलं.

"खास बॅचचा हाय त्यो. पहिल्या नंबरात येनार म्हणतेत. त्याचे सर माज्याकडं पोरं धाडतेत." मग माझ्याकडं बघून, अगदी समजावणीच्या सुरात, "बाकीच्यांचं बी पोट भरतंय की, सर. उपाशी कुणी ऱ्हात न्हाई." आणि मग, "तुमची लेक कंच्या बॅचला?"

"साध्या."

"बरं," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण उघडलं.

मुलगी येऊन बसली. तिनं ताटाकडं बघितलं, मग तव्याकडं, मग कोपऱ्यात चाललेल्या पोळीकडं. आमच्या घराण्यात डोळे चांगले आहेत. ती माझ्या कानाशी वाकली. "बाबा, गरम सगळ्या तिकडंच चालल्यात."

रोज सकाळी सात समुद्रापलीकडच्या पंचाला शिव्या घालणारा माणूस मी.

"जेव," मी म्हणालो.